आण्णांचा पंच

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात एका मुलीनं प्रश्न विचारला आणि पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. ही मुलगी आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. आदल्या दिवशीच्या सामन्यात कॉर्नरवरून आलेला बॉल तिनं दोन्ही मुठींनी पंच करून बाहेर काढला होता आणि मी वर्गात शिरले तेव्हा तेच मैत्रिणींना हातवारे करून सांगणं चाललं होतं. मला बघून ती उभी राहिली.

"मॅडम, बॉलला हाणतात त्यो पंच. मग लग्नात पेल्यातनं देत्यात, त्याला फ्रूट पंच का म्हणत्यात? आणि पेपरात तर रेफ्रीलाच पंच म्हणत्यात."

वर्ग हसला. मी मात्र तिच्याकडे बघत राहिले. पाठ बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, मला चार दिवस दे. उत्तर येत नव्हतं असं नाही. पण या शब्दाचं उत्तर देताना मी एकदा चुकलेली आहे, आणि ती चूक मला फार प्रिय आहे. त्यामुळे या वेळी सगळं नीट जुळवून सांगायचं होतं.

आमचे आण्णा एस.टी.त कंडक्टर होते. बरीच वर्षं कोल्हापूर–गगनबावडा मार्गावर. रंकाळा मागं पडला, फुलेवाडी गेली, की बालिंग्याच्या पुलावर भोगावती, पुढं कळ्याच्या बाजूला कुंभी, मग साळवण, आणि तिथून पावसात बुडालेला गगनबावडा. सुट्टीत ते मला कधीकधी बरोबर न्यायचे. पुढच्या सीटवर बसवायचे आणि गाडीभर फिरायचे. त्यांच्या एका काखेत चामड्याची पिशवी, एका हातात तिकिटांची पेटी आणि दुसऱ्या हातात पंच. निकेलचा, पकडीसारखा, धरून धरून मुठीच्या जागी पिवळा पडलेला. रंगीत तिकीट फाडायचं, टप्प्याच्या आकड्याशी टक्‌दिशी भोक पाडायचं आणि माणसाच्या हातात द्यायचं. गर्दीत कुणी तिकीट काढायचं विसरलं असेल तर तोच पंच ते सीटच्या दांड्यावर वाजवायचे. टकटक, टकटक. "कोण ऱ्हायलंय का तिकिटाचं?" तो आवाज आला की झोपलेली म्हातारी माणसंही कनवटीला हात घालायची.

मी चौथीत असेन. आण्णांना विचारलं होतं, याला पंच का म्हणतात? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"आगं, पाच बोटांनी धरत्यात म्हणून पंच. आणि हीच पाच बोटं आवळून हाणली की त्योबी पंचच." त्यांनी मूठ करून माझ्या गालाला हळूच लावली. "पंच म्हंजे पाच. पंचगंगा न्हाई का आपली?"

एवढं सुंदर उत्तर मला पुढं कुठल्या प्राध्यापकानं दिलं नाही. मी ते जपलं. बी.ए.ला इंग्रजी घेतलं, शिक्षिका झाले आणि नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं वर्गात हेच सांगत आले, की इंग्रजीतला पंच हा आपल्या पाचातून गेलेला शब्द आहे, ठोसासुद्धा. मुलांना आवडायचं. मग एकदा शाळेच्या ग्रंथालयात मोठी डिक्शनरी उघडायची वेळ आली आणि तिथं पंच हा शब्द एकदा नाही, चार-पाचदा दिसला. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळा बारीक आकडा.

हा आकडा म्हणजे काय, ते मुलांना मी मराठीतून सांगते. ‘वर’ हा शब्द घ्या. लग्नातला वर, देवानं दिलेला वर, आणि माडीवर चढतो तो वर. तिघांचं रूप एक. त्यातला नवरदेव आणि देवाचा वर हे सख्खे भाऊ आहेत, दोघंही निवडणं, मागून घेणं या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूतून आले. माडीचा ‘वर’ मात्र ‘उपरि’ पासून झिजत झिजत आला. उपरि, उवरि, वर. तो त्यांच्या नात्यातला नाहीच, चेहरा तेवढा एक झालाय. कोशकार असे एकाच चेहऱ्याचे परके शब्द वेगळे बसवतात आणि त्यांना आकडे देतात. इंग्रजी पंचाचं तसंच आहे. लिहिताना अक्षर एक, पण घरं निदान तीन.

पहिलं घर टोचण्याचं. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘पोंशों’ आला, म्हणजे टोच्या, भोक पाडायचं टोकदार हत्यार. तो इंग्रजीत गेला आणि पंच झाला. म्हणजे आण्णांच्या हातातला पंच या घरातला. ठोशाचा पंचही इथलाच. या क्रियापदाचा जुना अर्थ मुठीनं मारणं असा नव्हता, काठीच्या टोकानं ढोसणं असा होता. अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला ‘काउपंचर’ म्हणायचे ते गुरांना ढोसण्यावरून, ठोसे मारण्यावरून नव्हे. ढोसता ढोसता शब्द काठीवरून मुठीवर आला. पाच बोटांचा त्यात काहीही संबंध नाही.

हे वाचलं त्या दिवशी मी घरी येऊन आण्णांना सांगितलं नाही. सांगून काय मिळवायचं होतं?

पण या टोचणाऱ्या घरात किती माणसं राहतात ते बघितलं की मन थक्क होतं. पॉइंट म्हणजे टोक, टोचून झालेला ठिपका. पंक्चुअल म्हणजे ठरल्या ठिपक्यावर येणारा. पंक्चुएशन म्हणजे वाक्यात टोचलेली विरामचिन्हं. आणि आपल्या प्रत्येक नाक्यावर पाटीवर रंगवलेलं ‘येथे पंचर काढून मिळेल’ हेसुद्धा. पंचर आणि पंचगंगा मराठीत शेजारी बसले तर सख्ख्या बहिणी वाटतील, पण पंचर लॅटिनमधून, टोचण्यातून आलंय आणि पंचगंगा पाचातून.

याच घरातला एक पंच बघायला मी शनिवारी चप्पल लाईनला, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात गेले. तिथं ओळखीचे एक कारागीर आहेत, सत्तरीचे, मी त्यांना मामा म्हणते. पुढं दुकान, मागं पायऱ्या उतरून काम करायची जागा. कमावलेल्या कातड्याचा आणि तेलाचा वास. कातडं कापायला रापी, शिवायला आरी, आणि डब्यात उभे ठेवलेले पोलादी पंच, बारीक नळीसारखे, प्रत्येकाच्या तोंडाचं भोक वेगळ्या मापाचं. मामांनी पट्टा लाकडी ओंडक्यावर ठेवला, पंच उभा धरला, वरून हातोडीचा एक ठोका. कातड्याची बारीक टिकली नळीत राहिली आणि पट्ट्यात गोल भोक. कापशी चपलेच्या पट्ट्यावर भोकांची जी नक्षी असते ती अशी एकेक ठोक्यानं होते. मी विचारलं, याला तुमच्या आज्याच्या वेळी काय म्हणायचे?

"पंचच म्हनायचे. हत्यार हितलं, नाव सायबाचं," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "पर आरीला आरीच म्हनत्यात. तिचं नाव न्हाई बदललं."

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. तेव्हा खूप लिहून आलं. पण त्या पट्ट्यावरची भोकं पाडणाऱ्या हत्याराबद्दल मी कुठं एक ओळ वाचली नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता यातलीच आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त हलवून गेली. आपण छापलेलं जे काही वाचलं, संगणक येण्यापूर्वीचं, त्यातलं पुष्कळसं पंचातून आलं. पूर्वी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, करायचे तेव्हा आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचे. त्या कांडीला पंच म्हणायचे. ती तांब्यावर ठोकली की अक्षराचा खोलगट साचा उमटायचा, त्याला मातृका म्हणायचे. मातृकेत शिसं ओतलं की खिळा तयार. रोमन लिपीला सव्वीस अक्षरं, छोटी-मोठी धरून बावन्न. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. ‘क्ष्म्य’ सारखं अक्षर पोलादावर उलटं कोरायचं म्हणजे काय काम असेल!

बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात हे काम करणारा कारागीर होता पंचानन कर्मकार. लोहारकी ही त्यांच्या घराण्याची. १७७८ साली छापलेल्या हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी विल्किन्सबरोबर त्यानं खिळे घडवले, पुढं श्रीरामपुरात देवनागरीचे पंच कोरले. विल्यम केरीचं मराठी व्याकरण त्याच श्रीरामपुरात १८०५ मध्ये छापलं गेलं. माझी भाषा छापील पानावर आली त्या वाटेच्या सुरुवातीला एका बंगाली लोहाराची पोलादी कांडी आहे. आणि त्याचं नाव बघा, पंचानन. पाच मुखांचा, म्हणजे शंकर. आयुष्यभर पंच कोरणाऱ्या माणसाच्या नावात पंच, आणि दोन्ही पंच एकमेकांना अनोळखी. असं काही सापडलं की मी डिक्शनरी मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसते.

नंतर मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे देवनागरी खिळे देखणेपणासाठी देशभर नावाजले गेले, आणि त्या खिळ्यांचे पंच कोरले होते राणोजी रावजी आरू यांनी. जावजींचं नाव लोकांना माहीत असतं, आरूंचं फार थोड्यांना.

आणि आण्णांच्या पंचाचं एक नातं थेट संगणकाशी आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेचं काम आवरावं म्हणून हर्मन होलेरिथनं भोकं पाडलेली कार्डं वाचणारं यंत्र केलं. एकेका माणसाची माहिती एकेका कार्डावर, भोकांच्या रूपात. ही कल्पना सुचली कशी, ते त्यानंच लिहून ठेवलंय. तो रेल्वेनं प्रवास करत असताना त्यानं कंडक्टरला बघितलं. एकाचं तिकीट दुसऱ्यानं वापरू नये म्हणून कंडक्टर तिकिटावर प्रवाशाचं वर्णन भोकांनी नोंदवायचा: केस फिके की गडद, डोळे कसे, नाक मोठं की लहान. होलेरिथची कंपनी पुढं दुसऱ्या कंपन्यांत मिसळून आयबीएम झाली. मी हे वाचलं तेव्हा आण्णा निवृत्त झालेले होते आणि एस.टी.त तिकिटाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली होती. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे कंडक्टरचं बघून कॉम्प्युटर केला म्हन की." आणि पुढं कितीतरी दिवस हे प्रत्येकाला सांगत होते, दूधवाल्यालासुद्धा.

इचलकरंजीला माझ्या आत्याच्या घरामागं माग होते. तिथं जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रावर, चढवलेल्या भोकांच्या पुठ्ठ्यांच्या माळा मी लहानपणी बघितल्यात. भोक असेल तिथं सुई आत जाते, सूत उचललं जातं आणि किनारीवर फूल उमटतं. जेकार्डचं यंत्र फ्रान्समधलं, १८०४ च्या सुमाराचं, होलेरिथच्या कितीतरी आधीचं. पण विणकर पुठ्ठ्याच्या भोकांतून फूल वाचतो हे मला तेव्हाही जादू वाटायचं आणि आजही वाटतं.

दुसरं घर बाहुल्याचं. हे थोडक्यात सांगते, कारण ते आपल्यापासून लांबचं आहे. इटलीत नेपल्सच्या नाटकवाल्यांचा एक विनोदी पात्र होतं, पुल्चिनेल्ला. बाकदार नाक, काळा मुखवटा. इंग्लंडात तो बाहुली होऊन गेला. सॅम्युअल पीप्सनं ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ बघितल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केलीय. पुल्चिनेल्लाचा पंचिनेलो झाला आणि पंचिनेलोचा पंच. आपल्याकडं पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यावर नाचतात, हा पंच हातात घालायचा. खेळ करणारा तोंडात छोटी पत्र्याची पिपाणी धरून त्याचा चिरका आवाज काढतो. बायकोला, पोलिसाला, सगळ्यांना दंडुक्यानं बडवतो, त्यामुळं ठोशाचा पंच इथूनच आला असं कुणालाही वाटेल. तसं नाही. पुल्चिनेल्ला हे नाव कोंबडीच्या पिल्लाच्या इटालियन शब्दावरून आलं असं मानतात, त्याच्या चोचीसारख्या नाकामुळं.

या बाहुल्याच्या नावानं १८४१ मध्ये लंडनला ‘पंच’ नावाचं विनोदी साप्ताहिक निघालं. ते इतकं गाजलं की आपल्या देशातही पंच निघाले, १८७७ मध्ये लखनौहून उर्दूत ‘अवध पंच’, मुंबईहून ‘हिंदी पंच’. आज आपण ज्याला कार्टून म्हणतो त्या अर्थानं तो शब्द रुळला तो १८४३ मध्ये या लंडनच्या पंचातून. पहिल्या संपादकांपैकी एकाचं आडनाव लेमन होतं. लिंबाशिवाय पंच कसला, या कोटीतून साप्ताहिकाला हे नाव सुचलं अशी आठवण सांगतात. म्हणजे बाहुल्याचं नाव ठेवताना पेयही मनात होतंच.

आणि ते पेय म्हणजे तिसरं घर. इथं आपण येतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांना सतराव्या शतकात हिंदुस्थानात एक पेय सापडलं. १६३२ सालच्या कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात पंच पिण्याचा उल्लेख आहे, इंग्रजीतला तो सर्वांत जुन्यांपैकी. सहा वर्षांनी सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानं तिथल्या इंग्रजांच्या पेयाचं नाव ऐकलं ते ‘पालेपुंट्स’ असं. ते मूळचं ‘बोल ऑफ पंच’ असणार, म्हणजे वाडगाभर पंच. मोठ्या वाडग्यातून पळीनं वाढून घ्यायचं ते पेय. फ्रेंच प्रवासी बर्निएनं त्याचंच ‘बुलपोंज’ केलं. वाडग्यासकट शब्द गिळून टाकला.

आणि मग जॉन फ्रायर. कंपनीचा डॉक्टर. १६७३ च्या सुमारास मुंबईत आला, म्हणजे इकडं रायगडावर राज्याभिषेकाची तयारी व्हायची होती तो काळ. पुढं जुन्नरपर्यंत जाऊन आला. १६९८ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात तो लिहितो, की या किनाऱ्यावरचे इंग्रज गोव्याकडच्या अरक नावाच्या दारूपासून एक पेय करतात, त्याला ‘पाँच’ म्हणतात, हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिन्नस पडतात. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला, अशी ती पुढं रूढ झालेली मोजणी.

म्हणजे फ्रूट पंच हा आपल्याच पाचातून गेलेला शब्द. पाच नद्यांचा पंजाब, पाच जणांची पंचायत, पाच जणांसमोर केलेला पंचनामा, आणि सामना चालवणारा पंच, यांच्याच घरातला. माझ्या गोलकीपरच्या प्रश्नात रेफ्री आणि फ्रूट पंच हे नातेवाईक निघाले, आणि तिचा स्वतःचा ठोसा परका.

काही अभ्यासकांना मात्र हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मुलांना सांगायलाच हवं. ते म्हणतात, सतराव्या शतकात इंग्रजीत हा स्वर आजच्यासारखा ‘अ’ नव्हता, ‘उ’ होता. आजही उत्तर इंग्लंडात बसला ‘बुस’ म्हणतात. तो तेव्हा नुकता बदलत होता. मग ‘पाच’ चा ‘पुंच’ कसा होईल? त्यापेक्षा जहाजावर दारूचं जे मोठं पिंप असायचं त्याला ‘पंचन’ म्हणत, त्यावरून खलाशांनी नाव आखूड केलं असेल. दुसरी हरकत अशी, की जुन्या पाककृतींत जिन्नस दर वेळी पाच नसतातच. कधी तीन, कधी चार, कधी सहा.

पहिली हरकत वजनदार आहे, मी ती बाजूला सारत नाही. पण दुसरी हरकत कोल्हापूरच्या माणसाला सांगू नये. आमच्या नदीचं नाव पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमावर जाऊन उभे राहा आणि सरस्वती दाखवा. ती गुप्त आहे. नकाशावर शोधायला गेलं तर चार, आणि तरी नाव पाचाचं, आणि ते कुणी बदलत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, तेव्हा पेपरात पंचगंगेचंच नाव येतं, चौगंगा म्हणून कुणी मोजत नाही. एकदा पाचाचं नाव पडलं की जिन्नस कमी झाला तरी नाव टिकतं. शिवाय फ्रायर त्या काळात, त्या किनाऱ्यावर, ते पेय पिणाऱ्यांमध्ये होता. त्याला ते नाव पाचाचंच वाटत होतं. मी फ्रायरच्या बाजूची आहे, पण वर्गात सांगताना दोन्ही बाजू सांगते.

आमच्या आईला मी हे समजावलं तेव्हा ती देवापुढं बसली होती. दूध, दही, तूप, मध, साखर असं पंचामृत वाटीत कालवत होती. "म्हणजे त्यांनी पंचामृतात दारू घातली," ती म्हणाली, आणि तिला ते खरोखरच वाईट वाटलं. अंबाबाईच्या अभिषेकाचं पंचामृत तळहातावर घेऊन डोळ्यांना लावणारी बाई ती.

आता राहिली माझी चूक, म्हणजे आण्णांची.

चार दिवस मी मुलांसाठी पाचाच्या घराचा वंशवृक्ष काढत होते. संस्कृत पंच, फारसी पंज, ग्रीक पेंटे, लिथुआनियन पेंकी. इंग्रजी ‘फाइव’सुद्धा त्यातलाच. आपला प त्यांच्याकडं फ होतो: पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव. मधला न इंग्रजीत गळाला, जर्मन ‘फ्युन्फ’ मध्ये अजून आहे. इथवर मला माहीत होतं. वंशवृक्षाच्या खालच्या फांद्या लिहिता लिहिता एक शब्द दिसला आणि मी पेन खाली ठेवला. ‘फिस्ट’. मूठ.

फिस्ट या शब्दाचं मूळ अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याच पाचात शोधतात. पाच बोटं एकत्र, म्हणून मूठ. स्लाव्हिक भाषांतला मुठीचा शब्दही तसाच समजावतात. फिंगर हा शब्दही बहुधा याच पाचाचा, असं त्यांच्यातल्या पुष्कळांचं मत आहे.

गगनबावड्याच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसलेल्या चौथीतल्या मुलीच्या गालाला मूठ लावून आण्णा जे म्हणाले होते, ते ठोशाबद्दल चुकलं होतं. मुठीबद्दल मात्र बरोबर निघालं. पाच बोटं आवळली की ती होते, आणि हजारो वर्षांपूर्वी, कुठल्या तरी भाषेत, कुणीतरी आपल्या हाताकडं बघून हेच म्हटलं असेल.

हे सांगायला आता आण्णा नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पिशवी, पेटी, पंच सगळं डेपोत जमा केलं, पावती घेतली आणि ती पावती शेवटपर्यंत पाकिटात ठेवली. पंच घरात नव्हता, पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आवळायची आणि सुटायची. आई म्हणायची, आहो, तिकिटं संपली. ते हसायचे आणि हात मांडीखाली घ्यायचे. थोड्या वेळानं हात पुन्हा बाहेर यायचा.

सोमवारी वर्गात फळ्यावर दोन रकाने केले, एक ‘पाच’ आणि एक ‘टोच’, आणि बाहुल्यासाठी कोपऱ्यात एक छोटी चौकट. मग मुलांनी शब्द द्यायचे आणि मी विचारायचं, कुठल्या घरात? पंचनामा, पंचक्रोशी, पंचांग पटापट पाचात गेले. पंचरवर भांडण झालं, मागच्या बाकावरच्या एकाचे वडील पंचरचं काम करतात, तो पाचासाठी अडून बसला होता, त्याला टोचात गेलेलं आवडलं नाही. पंचाईतवर सगळे अडले. मी सांगितलं, पंचायतीतूनच आली ती. पाच जणांसमोर उभं राहावं लागणं म्हणजे काय अवस्था होते, ते आठवा. पंचिंग मशीन टोचात. पॉइंट टोचात.

गोलकीपर शेवटपर्यंत गप्प होती. तास संपता संपता तिनं हात वर केला, आणि वर केलेल्या हाताची मूठच झालेली होती.

"मॅडम, म्हंजे मी बॉल हाणला त्यो पंच टोचाचा."

"हो."

"पण ज्यानं हाणला ती मूठ पाचाची."

"हो," मी म्हटलं, आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं ‘पाच’ च्या रकान्यात सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात ‘फिस्ट’ लिहिलं.